मडमेचा कठडा

माझ्या बापाने आयुष्यात एकच काम चुकीचं केलं, आणि तेही इतकं नीट केलं होतं की वर्षभर कुणाला कळलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते. उगाच ताणून धरायचा माझा स्वभाव नाही, आणि या वयात ताणून धरायला दमही राहिलेला नाही. मास्तरीण म्हणून उभा जन्म पोरांना फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ असं लिहून दिलं. आता स्वतःचं खरं लिहायला बसले तर चष्मा पुसण्यात आणि शाई शोधण्यात चार दिवस गेले. सून विचारते, आत्याबाई, एवढं काय लिहिताय? सुनेला काय सांगणार कपाळ. म्हटलं, आमच्या घरचा हिशेब नाही, आमच्या घरचं मरण लिहितेय, आणि दार लावून घेतलं.

आम्ही लोहार. लोणावळ्याच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकाठी, कुसगावच्या वरच्या अंगाला आमची तेरा उंबऱ्यांची वाडी. जुनी वाडी मी जन्मायच्या आधीच पाण्याखाली गेलेली. तिच्यासंगं खाचरं गेली, खाचरांसंगं नांगर गेले आणि नांगर गेले तसा लोहाराचा भावही गेला. तरी भट्टी होती. सकाळी डोळा उघडायचा तो भात्याच्या सुस्काऱ्याने, आणि मागून घाट चढून आलेल्या इंजिनाची शिटी. ती दोन इंजिनं, एक पुढे ओढायला आणि एक मागून रेटायला, धापा टाकत ठेसनात शिरली की आई म्हणायची, आली बाई, पोचली एकदाची, जणू गाडीत तिचं माहेर भरून आलंय. आई फार बोलायची. चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, नाचणीच्या भाकरीला चीर गेली तर भाकरीलाही चार शब्द ऐकवायची. आबा म्हणजे आमचे वडील, त्यांच्या तोंडून दिवसाला चार वाक्यं निघाली तर खूप. त्या दोघांचा संसार कसा चालायचा याचं मला लहानपणी नवल वाटायचं. पण रात्री जेवताना आई दिवसभराचं सगळं आबांच्या पुढ्यात ओतायची आणि आबा घास थांबवून ऐकायचे. ती बोलायला आणि ते ऐकायला, अशी त्यांची वाटणी होती.

भाता ओढायचं काम माझं. तोवर शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पुढची मागाहून शिकले, पण भात्यावर त्याच्या आधीपासून बसत होते. माझा थोरला भाऊ सोपान, माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचा भट्टीत जीव रमायचा नाही. त्याला पाण्याचं वेड. आमच्या वाडीने पाण्याला कायम शिव्याच दिल्या, आमचं सगळं गिळून बसलंय म्हणायचे, आणि हा गडी त्याच पाण्यात म्हशीसारखा डुंबत असायचा. चैत्रात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं जोतं वर यायचं. त्याच्यावर बसून हा खेकडे धरायचा. ते खेकडे आई पाट्यावर वाटून त्यांचं काळ्या मसाल्याचं कालवण करायची. तांदळाची भाकरी आणि ते झणझणीत कालवण, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं पण हात थांबायचा नाही. आता डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय. केलंय तर केलंय, त्या चवीचं कालवण करणारी तरी कुठे उरलीय.

मुंबईच्या एका शेठनी धरणाच्या काठी बोटघर बांधलं आणि मुंबईहून एक जुनी शिडाची बोट आणवली. ती वॅगनमधून लोणावळ्याला उतरली, आणि तिथून बैलांच्या आठ जोड्या लावून काठापर्यंत ओढत आणली. सगळी वाडी बघायला गेली होती. बोटीच्या नाकाडावर कुणा इंग्रज बाईचं नाव लिहिलेलं. ते आमच्या जिभेला वळेना, म्हणून वाडीने तिचं नाव मडम ठेवलं. दादा तिच्यावर खलाशी म्हणून लागला आणि लोखंडाचं काम बघायला शेठनी आबांना ठेवून घेतलं. आबा दिवस दिवस तिकडेच असायचे म्हणून आई त्या बोटीला सवत म्हणायची. सवतीनं आज काय नवं मागितलं, असं विचारायची, आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. बरे दिवस होते ते. मला मुद्दाम लिहायचं आहे की बरे होते, कारण पुढे घरात त्यांचं नावही कुणी काढलं नाही.

मडम जुनी होती, समुद्रात वापरलेली. तिच्या फळीच्या, म्हणजे माणसं उभी राहतात त्या वरच्या अंगाच्या, दोन्ही काठांना मांडीइतक्या उंच लोखंडी दांड्या उभ्या होत्या, एका अंगाला सहा, दुसऱ्या अंगाला सहा. प्रत्येक दांडीच्या डोक्याला भोक आणि त्या भोकांतून ओवलेली तार. बोट वाऱ्याने कलंडली तर माणूस पाण्यात जाऊ नये म्हणून हा कठडा. मिठाच्या पाण्याने त्या दांड्या बुडाशी खाऊन करंगळीएवढ्या झाल्या होत्या, आणि तारेवरून हात फिरवला तर कुसळं हातात मोडायची. शेठची नातवंडं सुट्टीला येणार होती. शेठनी आबांना सांगितलं, मिस्त्री, सगळा कठडा नवा करा, दांड्या बदला, तार मी मुंबईहून मागवतो. दादाच ती तार आणायला मुंबईला गेला.

जुन्या दांड्या कशा बसवल्या होत्या ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. दांडीच्या बुडाला आटे होते. ती फळीतून आरपार खाली उतरायची आणि बोटीच्या पोटात, फळीच्या खालून, पितळेची जाड पट्टी लावून तिच्यावर नट आवळलेला. नट गंजून एकजीव झालेले. ते सोडवायचे तर बोटीच्या पोटात आडवं होऊन सरपटत जायला हवं, आणि तिथे हातभर उंचीची जागा. आबांचे खांदे घण मारून मारून रुंद झालेले, ते काही त्या बिळात मावेनात. त्यांनी वरूनच छिन्नीने दांड्या तोडून काढल्या. पट्ट्या आत पडल्या त्या पडल्या. मग त्यांनी बारा नव्या दांड्या घडवल्या. आठ दिवस मी भाता ओढत होते, माझ्या तळहाताला फोड आले होते. दांड्या अशा देखण्या झाल्या की वाडीतली माणसं हात लावून बघून जायची. आणि आबांनी त्या बसवल्या गाडीच्या रीतीने. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या. लोखंड लाल करायचं, लाकडावर ठोकायचं, वरून पाणी ओतायचं. चर्रकन आवाज होतो, धूर उठतो आणि लोखंड लाकडाला असं आवळून बसतं की बैल मरतील पण ती धाव निघायची नाही. भोक दांडीपेक्षा जरा बारीक पाडून आबांनी तशाच लाल दांड्या फळीत ठोकल्या. खालून पट्टी नाही, नट नाही, काही नाही. गाडीला कुठे नट असतो?

दादा तार घेऊन परत आला तेव्हा चार दांड्या बसल्या होत्या. रात्री जेवताना तो म्हणाला की मुंबईला गोदीजवळ त्याने बोटींची कामं करणारा एक मिस्त्री बघितला, तो प्रत्येक दांडीला खालून पट्टी लावतो. बोटीचं लाकूड कायम ओलं, ते गाडीच्या बाभळीसारखं राहत नाही, असं तो मिस्त्री म्हणाला. दादा पुढे म्हणाला, मी बारीक आहे, मी आत सरपटत जाऊन नट धरतो, आबा, तुम्ही वरून फिरवा. आबांनी ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. मग म्हणाले, "त्या मिस्त्रीला म्हनावं, ये हिकडं आन्‌ गाडीला धाव चढवून दाव." मी खळखळून हसले. मला आबांचं बोलणं फार आवडलं होतं. दादाची फजिती झाली म्हणून मी त्याला पुढे दोन दिवस मुंबईचा मिस्त्री, मुंबईचा मिस्त्री असं चिडवत राहिले. पण त्या रात्रीपासून बाप-लेकात लोखंडाविषयी बोलणं बंद झालं. बाकी सगळं बोलायचे, पाऊस, भात, शेळीची करडं. लोखंडाचं नाव निघालं की एक उठून अंगणात जायचा.

आणि गंमत बघा, कठडा दगडासारखा पक्का निघाला. शेठ आले, त्यांनी एकेका दांडीवर पोट टेकून सगळा भार टाकून बघितला. जाडजूड माणूस, तरी दांडी तसूभर हलली नाही. त्यांनी सगळ्यांसमोर आबांच्या पाठीवर थाप मारली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, नातवंडं त्या तारेला लोंबकळून गेली. दादाही मग गप्पच झाला. त्याला वाटलं असेल, आबा म्हणतात ते बरोबर. आता मला कळतं की लाल लोखंडाने भोकाच्या आतलं लाकूड जळून कोळसा झालं होतं. कोरडं होतं तोवर त्याने धरून ठेवलं. पण आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने सूर्य दिसायचा नाही, भिंतींना बुरशी, कपड्यांना वास, मिठाच्या बरणीत पाणी. मडम बोटघरात होती खरी, पण त्या बोटघराचं छप्पर म्हणजे चाळण. चार महिने त्या कोळशाने पाणी प्यालं. हे सगळं मी फार पुढे, पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना, एका सुताराला विचारून समजून घेतलं. त्याला मी सांगितलं नाही की का विचारते आहे.

आश्विन लागला, घट बसले, आणि शेठचा निरोप आला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे घेऊन येतो, बोट पाण्यात उतरवून तयार ठेवा. मिस्त्रीला पाहुण्यांसमोर फेटा बांधायचा आहे, असंही त्या निरोपात होतं. आई तर हरखूनच गेली. अष्टमीला दुपारी मी आणि दादा नारळाच्या सोडणाने मडमेची फळी घासत होतो. घासून घासून माझी कंबर भरून आली, म्हणून उठताना मी मागच्या अंगाची, डावीकडची दांडी धरली. ती हातात फिरली. उखळात मुसळ फिरावं तशी फिरली, आणि तिच्या बुडातून काळं पाणी वर आलं. मी दादाकडे बघितलं. त्याने सोडण खाली ठेवलं, येऊन दांडी दोन बोटांनी हलवून पाहिली, मग बाकीच्या सगळ्या पाहिल्या. आणखी दोन हलत होत्या, पण एवढ्या नाही.

तो म्हणाला, "आबास्नी सांगाया पायजे." आणि तिथेच उभा राहिला. मला त्याची अडचण कळली. त्याने सांगितलं असतं तर आबांना वाटलं असतं, लेक वर्षभर याच दिवसाची वाट बघत होता. मी आबांची लाडकी. माझ्या तोंडून आलेलं आबा ऐकून घेत. म्हणून मी म्हटलं, "तू गप ऱ्हा. म्या सांगते त्यास्नी." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मला अजून दिसतो.

घरी आले तर आबा अंगणात बसून हत्यारं घासत होते. चिंच आणि राख लावून घण, सांडशी, छिन्न्या, सगळं चांदीसारखं लख्ख करत होते. आमच्यात खंडेनवमीला लोखंड पुजतात. अष्टमीच्या सांजेला भट्टी विझली की ती दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत पेटत नाही. त्या दोन दिवसांत ऐरणीवर घणाचा एक घावही पडायचा नाही. कुणाच्या बैलाचा पाय मोडला, गाडीचा आख तुटला, तरी लोहार हात जोडून म्हणणार, परवा ये बाबा. आत आई कडाकण्या तळत होती आणि फेट्याचा रंग कुठला असेल यावर एकटीच वाद घालत होती. आबा गुणगुणत होते. आबांना गुणगुणताना मी आयुष्यात किती वेळा ऐकलं ते एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. मी जाऊन शेजारी बसले. तोंडाशी आलेलं गिळलं. मनाशी म्हटलं, आता सांगून होणार काय? भट्टी तर विझली. दोन दिवस ते लोखंडाला हात लावणार नाहीत, नुसते तळमळतील, सणाचा घास त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. बोट पाण्यात जाणार दसऱ्यानंतर. दसऱ्याला संध्याकाळी सोनं देऊन पाया पडेन आणि तेव्हाच सांगेन. रात्रीत भट्टी पेटेल, पहाटे दांडी बसेल. मी सगळं असं चोख जुळवून ठेवलं होतं. पोरगी हुशार म्हणून गावात माझं नाव होतं ना.

नवमीला आबांनी ऐरण पुजली, भात्याला हळदकुंकू लावलं, आणि मग झेंडूची फुलं घेऊन बोटघरात गेले. स्वतः घडवलेलं लोखंड म्हणून त्यांनी मडमेच्या बाराही दांड्यांना गंध लावलं, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक फूल ठेवलं. नुसतं ठेवलं. पुजलेल्या लोखंडाला ओढून-दाबून बघायचं नसतं. दादा काठावर उभा राहून हे बघत होता. त्याने काय समजायचं? त्याला वाटलं, येसूनं, म्हणजे मी, सांगितलं, म्हणून आबा दांड्या बघायला आले आणि चालतील असं ठरवून गेले.

दसऱ्याला तांबडं फुटायला दादा निघाला. बोटीला तोरण बांधून येतो म्हणाला. मी उंबऱ्यापाशी झेंडूच्या माळा ओवत होते, आई शेजारीच शेण-सडा करत होती. चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "येसे, सांगितलंस नव्हं आबास्नी?" आई ऐकत होती. नाही म्हटलं असतं तर तिने लगेच विचारलं असतं, काय सांगायचं? मग सगळं तिथेच बाहेर पडलं असतं, सणाच्या सकाळी. मी त्याच्याकडे न बघता मान हलवली. व्हय. एवढंच. तो गेला. माळ ओवायची राहिली होती ती मी पुरी केली.

पाहुणे एक दिवस आधीच आले. सकाळच्या गाडीने शेठ उतरले, संगे दोन मित्र, आणि हौस अशी की आजच बोट हवी. आम्हाला घरी काही पत्ता नाही. मी दुपारी पुरणपोळीचा डबा घेऊन दादाला द्यायला निघाले, टेकाड उतरले आणि पाण्यावर शीड दिसलं. ऊन होतं, वारा घाटाकडून येत होता आणि मडम उजव्या अंगावर कलून चालली होती. मी ओरडले. पण तेवढ्या लांबून काय ऐकू जाणार? ते तिघे पुढे बसले होते आणि दादा मागे, शिडाचा दोर दोन्ही हातांत धरून, पाठ डाव्या कठड्याला लावून मागे रेलला होता. अष्टमीला माझ्या हातात फिरली होती, तीच ही दांडी. वाऱ्याचा एक झोत आला, बोट आणखी कलली, त्याने सगळा भार मागे टाकला. दांडी निघाली. आवाज मला आला नाही. तार सैल पडलेली दिसली आणि दादा उताणा पाण्यात गेलेला दिसला.

त्याला पोहता येत होतं. आमच्या वाडीत त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. पण तार त्याच्या अंगाभोवती गुरफटली आणि दांडीसकट त्याला खाली घेऊन गेली. बोट कशी वळवायची हे बोटीवर कुणालाच माहीत नव्हतं. जो जाणत होता तो पाण्यात. शेठ हात वर करून ओरडत होते आणि मडम त्यांना घेऊन तशीच पुढे पुढे जात होती. मी गळ्याइतक्या पाण्यात शिरले, मला कुणीतरी केसांना धरून मागे ओढलं. पलीकडच्या ठाकरवाडीतल्या दोघांनी बुड्या मारून मारून संध्याकाळी त्याला वर काढलं. तेव्हा गावात सोनं लुटायची वेळ झाली होती.

आबा आले. त्यांनी दादाच्या अंगावरची तार सोडवली, अगदी सावकाश, त्याला दुखू नये अशा बेताने. मग बोट काठाला लागली होती, तिच्यावर ते चढले. जिथून दांडी निघाली होती त्या भोकात त्यांनी बोट घातलं. काळा चिखल निघाला. तो त्यांनी अंगठ्याने चोळला, वास घेतला. त्यानंतर त्यांनी बाकीच्या दांड्या एकामागून एक धरून बघितल्या, आणखी दोन हातात हलल्या. सगळ्या वाडीने ते बघितलं होतं. आईला कुणी सांगायचीही गरज पडली नाही.

रात्री आबा स्मशानातून परत आल्यावर आई त्यांना म्हणाली, "तुमच्या लोखंडानं माजं लेकरू खाल्लं." हे तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. शेवटचं म्हणजे शेवटचं. पुढे नऊ वर्षं आबा जगले. ती त्यांना रोज गरम भाकरी करून घालायची, आजारपणात त्यांचे पाय चेपायची, पण बोलायचं ते माझ्यामार्फत. ह्यांना वाढ गं. ह्यांना विचार, औषध घेतलं का. दिवसभराचं सगळं आता ती माझ्या पुढ्यात ओतायची. आबा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, घास थांबवून.

तेराव्यानंतर आबा बोटघरात गेले. शेठचे दिवाणजी म्हणाले, आता राहू द्या मिस्त्री, बोट विकायची आहे. आबा म्हणाले, विका, पण माझं काम चुकलंय ते नीट करून विका, दुसऱ्याचं लेकरू तिच्यावर बसंल. त्यांनी बाराच्या बारा दांड्या उपटून काढल्या, सडलेलं लाकूड कापून नवं बसवलं, दांड्यांना आटे पाडले. खालून नट धरायला बारीक माणूस हवा होता. मी गेले. बोटीच्या पोटात आडवी होऊन, पाना घेऊन, जिथे दादा जातो म्हणाला होता तिथे मी सरपटत गेले. आत कुबट अंधार, तोंडापासून वीतभर अंतरावर फळी. जुन्या पितळी पट्ट्या तिथेच पडलेल्या होत्या, त्याच घासून आम्ही वापरल्या. आबा वरून दांडी फिरवायचे, मी खालून नट धरायचे. ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हते. सात दांड्या झाल्या, आठवी सुरू होती, तेव्हा मी सांगितलं. फळीला तोंड लावून सांगितलं. अष्टमीला मला कळलं होतं, दादालाही कळलं होतं, मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं तेव्हा होय म्हणाले.

वरची दांडी थांबली. मला वाटलं, आबा उठून गेले. मी खालून विचारलं, आबा, मी तवा सांगितलं असतं तरी नवमी होती, तुमी काय केलं असतं? मला त्यांच्याकडून काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. नवमीला लोहार हात लावत नाही, पोरी, तुझा काही दोष नाही, असं.

आबा म्हणाले, "भट्टी पेटवली असती. लेकरापरीस नवमी मोठी व्हय?"

मग दांडी पुन्हा फिरायला लागली. मी नट धरला. आठवी झाली, नववी झाली, बाराही झाल्या. मी बाहेर आले तेव्हा आबा काठावर हात धूत बसले होते. माझ्या तोंडाला काजळी लागली होती, ती त्यांनी आपल्या धोतराने पुसली. म्हणाले, "तुज्या आईला ह्ये कदी सांगू नगंस. तिनं माज्याशी बोलनं सोडलंय. तुज्याशी बी सोडलं, तर ती बोलंल कुनाशी?"

नाही सांगितलं. आबा गेले त्या दिवशीही नाही. आई पुढे माझ्याकडेच राहायला आली, माझ्या नोकरीच्या गावी, आणि एकोणीस वर्षं राहिली. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की ती चहा ठेवायची आणि कधी ना कधी बोलणं त्या दसऱ्यावर यायचंच. त्या माणसानं माझं पोर मारलं, म्हणायची. गाडीचा लोहार, बोटीच्या नादी लागला. लेक सांगत होता, ऐकलं नाही. फुलं वाहत बसला, दांडी हलवून बघितली नाही. येसू, तूच सांग, बापाला एवढं कळू नये? चहा निवून जायचा, ती बोलत राहायची. आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवून आलेली मास्तरीण, तिच्यासमोर बसून हूं म्हणत राहिले.